केर काढायला सात माणसं, आठवायला एकच

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तरी हा भाग भांडी घासताना किंवा कपडे वाळत घालताना ऐकत असणार, हे तुमच्या मेसेजेसवरून मला माहीत आहे. आजचा विषय तोच आहे. माणसांनी भरलेल्या, सगळेच घाईत असलेल्या घरात साफसफाईचं रूटीन लावायचं कसं?

आधीच सांगते, लिंबू आणि सोड्याने नळ चमकवायच्या टिप्स आज नाहीत. त्याचे रील्स तुमच्याकडे भरपूर आहेत. मला बोलायचंय ते त्याच्या आधीच्या एका कामाबद्दल, जे कोणाला दिसतच नाही.

एक छोटी परीक्षा घ्या. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून चार प्रश्न विचारा. फ्रिज आतून शेवटचा कधी पुसला? फिनेल किती उरलंय? पाण्याचं पिंप कुठल्या वारी घासतात? लादी पुसायचं फडकं कुठे वाळत घालतात? बहुतेक घरांत चारही उत्तरं देणारं माणूस एकच निघतं. बाकीचे म्हणतात, "आईला विचार." माझं म्हणणं असं की घरातली खरी अडचण या "आईला विचार"मध्ये आहे. हात कमी पडतात ही अडचण त्यानंतरची.

आमचं घर

थोडं घराबद्दल सांगायला लागेल, कारण घर कसं आहे त्यावर सफाई ठरते. आम्ही गिरगावात खोताची वाडीत राहतो. अठराव्या शतकाच्या शेवटी पाठारे प्रभू खोतांनी इथल्या जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना विकल्या आणि लाकडी व्हरांड्यांची, बाहेरून जिने असलेली, कौलारू घरं उभी राहिली. एकेकाळी अशी ६५ घरं होती असं सांगतात. आता त्यातली निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. लोक इथे फोटो काढायला येतात. छानच दिसतात घरं. पण ज्या नक्षीदार कठड्याचा फोटो निघतो, त्याच्या प्रत्येक खाचेत धूळ बसते आणि ती कोणीतरी काढत असतं.

आम्ही वरच्या मजल्यावर, पागडीचं घर. आजी, आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांची चार वर्षांची चिमुरडी आणि मी. सात माणसं, एक मोरी, एक संडास. पाणी पहाटे ठरावीक वेळ येतं, ते पिंपात साठवायचं. जमीन अर्धी लादीची, अर्धी लाकडी फळ्यांची. फळ्यांवर बादलीभर पाणी ओतलं तर ते फटींतून खालच्या आंटींच्या डायनिंग टेबलावर गळतं. त्यामुळे तिथे फडकं घट्ट पिळूनच फिरवायचं. पावसाळ्यात कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायची, नाहीतर मागे बुरशी धरते. कौलांखालच्या जळमटांना लांब काठी लागते. खिडकीच्या चौकटीखाली मातीची बारीक रेघ दिसली की ती नुसती पुसायची नाही, वाळवी आली का ते बघायचं. त्यात मेट्रो-३ चं काम सुरू झाल्यापासून जगन्नाथ शंकरशेठ रोडवरची धूळ घरात यायची. गिरगाव स्टेशन ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालं, पण त्या आधीची कित्येक वर्षं आमच्याकडे दिवसातून दोनदा फर्निचर पुसावं लागत होतं.

ही सगळी माहिती कुठे होती? आईच्या डोक्यात. लिहिलेली कुठेही नव्हती.

आई अंथरुणावर होती तेव्हा

गेल्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, काही आठवडे वाकायचं नाही, खाली बसायचं नाही आणि ओल्या जमिनीवर तर पाऊलही टाकायचं नाही. आम्ही तयारीत होतो. केर-लादी आणि भांड्यांना मावशी येतातच. स्वयंपाक वाटून घेतला होता. सगळ्यांनी आईला सांगितलं होतं, तू काळजी करू नकोस.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात पांघरुणांना कुबट वास यायला लागला. तिसऱ्या आठवड्यात पिंपातून पाणी काढताना वहिनीला डासांच्या अळ्या दिसल्या. गिरगावात पावसाळ्यात डेंग्यू ही ऐकीव गोष्ट नाही, प्रत्येक गल्लीत कोणीतरी ॲडमिट असतं. आणि घरात चार वर्षांचं मूल.

चूक कोणाची? तसं बघितलं तर कोणाचीच नाही. दर शुक्रवारी पिंप रिकामं करून आतून घासायचं हा आईचा रिवाज. मावशींच्या ठरलेल्या कामात ते नव्हतं आणि बाकी कोणाला शुक्रवारचं माहीतच नव्हतं. महापालिका आठवड्यातून एक "कोरडा दिवस" पाळा म्हणून सांगते, त्यामागे साधा हिशेब आहे. एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. सात दिवसांच्या आत भांडं कोरडं केलं तर ही साखळी तुटते. आणि नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून आतून घासायला लागतं. आईला हे सगळं माहीत होतं. तिने कधी भाषण दिलं नाही, शुक्रवारी काथ्या घेऊन बसायची एवढंच.

त्यानंतर जे झालं ते मला जास्त खटकलं. आईच्या डोक्यातली यादी आपोआप वहिनीच्या डोक्यात गेली. कोणी ठरवलं नव्हतं. वहिनी बँकेत आहे, साडेनऊला तिला निघावं लागतं. बाबा रिटायर्ड, दिवसभर घरी. दादा आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतो. तरी सगळे प्रश्न वहिनीला. "नवीन घासणी कुठंय?" "चादरी आज बदलायच्या का?" वहिनी नसेल तेव्हा मला. दादा मनापासून म्हणायचा, "तू फक्त सांग, मी करतो." करायचाही. पण सांगायचं कोणी, हे काम कोणाच्याच खात्यावर लिहिलेलं नव्हतं.

हे फक्त आमच्याकडेच आहे का?

नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची नोंद. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम, म्हणजे स्वयंपाक, सफाई, धुणं वगैरे, करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला. पुरुषांचा ९७. आणि हे ९७ सुद्धा फक्त जे पुरुष काहीतरी करतात त्यांचे. असं काम करणारे पुरुष होते २६ टक्क्यांच्या आसपास, बायका ८१ टक्क्यांच्या. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायकांची २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांनी स्वतःचीही नऊ वाचवली!

पण मिनिटं मोजली तरी डोक्यात चाललेलं काम त्यात येत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून "घरी फिनेल संपलंय" हे आठवणं कुठल्या मिनिटात धरणार? ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये यावर एक निबंध लिहिला. घरातलं हे डोक्याचं काम त्यांनी चार भागांत मांडलं. गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि नंतर ते झालं का यावर लक्ष ठेवणं. त्यांना असं दिसलं की निर्णय घेताना नवरा-बायको बरेचदा मिळून असतात. पण पहिला आणि शेवटचा भाग, म्हणजे आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं, हे जास्त करून बाईकडेच राहतं. मी हे वाचलं तेव्हा मला आमचं घरच दिसलं. मशीन कुठलं घ्यायचं यावर आमच्याकडे चार जण मत देतात. मशीनची जाळी साफ करायची वेळ झाली हे एकीलाच कळतं.

बस फॅक्टर

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून आमच्या धंद्यातला एक शब्द सांगते. बस फॅक्टर. शब्द जरा क्रूर आहे. टीममधली किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. आकडा एक असेल तर मॅनेजरची झोप उडते. लगेच ते काम दुसऱ्याला शिकवायला लावतात, सगळं लिहून काढायला लावतात. मध्यरात्री सिस्टीम बंद पडली तर कोणाला उठवायचं याची पाळी ठरलेली असते, आणि त्या आठवड्यात ज्याची पाळी असते तो "मला कोणी सांगितलं नाही" असं म्हणू शकत नाही.

आमच्या घराचा बस फॅक्टर एक होता. गेली तीस वर्षं. आणि आम्ही त्याला "आईचं घरावर किती लक्ष असतं" असं कौतुकाने म्हणत होतो.

खातेवाटप

एका रविवारी आम्ही आईच्या पलंगाभोवती बसलो आणि तिला बोलतं केलं. मी लिहून घेत होते. दीड तासात ५८ कामं निघाली. रोजची, आठवड्याची, महिन्याची, सणाची. त्यातली ५ मावशी करतात. उरलेल्या ५३ पैकी ३८ अशी, जी आईशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. बाबा यादी बघून बराच वेळ गप्प होते.

मग वाटप. इथे मला एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. बहुतेक घरांत कामं वाटतात ती सुटीसुटी. "तू आज भांडी लाव, तू कचरा टाक." यात वाटणारा मुकादमच राहतो. त्याचं डोकं रिकामं होतच नाही. आम्ही कामं न वाटता खाती वाटली, मंत्रिमंडळात वाटतात तशी. रुसवेफुगवेही तसेच झाले.

पाणी आणि कचरा बाबांकडे. पहाटे पाणी भरणं, शुक्रवारी पिंप घासणं, ओला-सुका कचरा वेगळा ठेवणं, डायपर, बॅटरी, जुनी औषधं तिसऱ्या पिशवीत, आणि कचरेवाले येतात त्याच्या आधी सगळं खाली. मोरी आणि संडास माझ्याकडे. वहिनी म्हणाली, "ओटा सोडून काहीही द्या." तिने जिना, व्हरांडा आणि जळमटं घेतली. ओटा आणि फ्रिज दादाकडे. कपडे-अंथरूण आईकडे ठेवलं, पण ती बरी होईपर्यंत बाबा आणि मी. आजीने स्वतःहून देव्हारा आणि पितळेची भांडी घेतली. बसून करता येतं, चिंच आणि पितांबरी दोन्ही हाताशी. चिमुरडीकडे खेळण्यांची टोपली.

खातं म्हणजे काय, ते नीट ठरवलं. ज्याचं खातं, त्याने वेळ ओळखायची, सामान संपायच्या आत आणायचं, काम स्वतः करायचं किंवा कोणाकडून करून घ्यायचं, आणि झालं का ते बघायचं. डॅमिंजरबाईंचे चारही भाग एकाच माणसाकडे. फिनेल संपलं तर ते मी आणायचं. वहिनीला फोन करून "येताना आणशील का" विचारायचं असेल तर विचारू शकते, पण लक्षात ठेवायचं मी.

चार गोष्टी ज्या उपयोगी पडल्या

एक, काम घड्याळाला न बांधता घडणाऱ्या गोष्टीला बांधा. "सकाळी सहाला पिंप" हे टिकत नाही. "शुक्रवारी पाणी यायच्या आधी पिंप" हे टिकतं, कारण तेव्हा ते तसंही रिकामं होत आलेलं असतं. कचरा कचरेवाल्यांच्या वेळेला बांधलेला. आजीचा नियम आहे, दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, लक्ष्मी जाते. तुमचा विश्वास असो-नसो, त्यातून एक डेडलाइन मिळते. चादरी एकादशीला बदलायच्या हा आईचा हिशेब, पंधरा दिवसांनी येतेच ती. आणि घटस्थापनेच्या आधीची मोठी सफाई तर पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालत आलीय. खालच्या आंटी ख्रिसमसच्या आधी महिनाभर घर काढतात. कॅलेंडर वेगळं, युक्ती तीच.

दोन, "झालं" म्हणजे काय ते लिहा. आमच्यातली निम्मी भांडणं यावरून होती. दादाच्या मते ओटा पुसला म्हणजे ओटा पुसला. आईच्या मते गॅसच्या बर्नरखालचं, मिक्सरच्या तळाचं आणि सिंकच्या जाळीतलं खरकटं निघालं की ओटा पुसला. आईने प्रत्येक खात्यासाठी तीन-चार ओळी सांगितल्या आणि त्या भिंतीवर लागल्या. पिंप आतून घासलं तर झालं. लाकडी फळ्यांवर पिळलेलं फडकं फिरवलं तर झालं. लादी पुसताना खोलीगणिक पाणी बदललं तर झालं, नाहीतर आपण मोरीतली घाण बाहेरच्या खोलीपर्यंत सारखी पसरवतो.

माझ्या खात्यात एक ओळ लाल शाईने आहे. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करायचं नाही. एकानंतर लगेच दुसरंही नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो आणि आमच्या संडासाला एकच झरोका आहे. खातं एकाकडे असण्याचा हाही फायदा. सकाळी एकाने ॲसिड ओतलं आणि मागून दुसऱ्याने भर म्हणून ब्लीच, असं होत नाही.

तीन, आठवण करायची नाही. हे सगळ्यात अवघड. पहिल्या दोन आठवड्यांत फ्रिजला वास आला. आई पलंगावरून, वहिनी दारातून, दोघी दात-ओठ आवळून गप्प. तिसऱ्या आठवड्यात दादाने गुरुवारी रात्री फ्रिज रिकामा करून पुसला. का? तर भाजी शुक्रवारी येते आणि गुरुवारी फ्रिज सर्वांत मोकळा असतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आईसुद्धा शनिवारी पुसायची, भरलेला! आपण आठवण करत राहिलो असतो तर त्याने शनिवारी पुसला असता आणि विसरलाही असता. अर्थात ज्यात कोणाचा जीव जाईल, तिथे गप्प बसायचं नाही. पिंप घासलं नसेल तर कोणीही ओरडावं. फ्रिजच्या वासाने कोणी मरत नाही.

चार, वाईट दिवसाचा किमान कार्यक्रम. रिलीजचा आठवडा, मार्च एन्डिंग, मुलीला ताप, लग्नाचं घर. तेव्हा सगळी खाती बंद, फक्त तीन गोष्टी. खरकटी भांडी रात्रभर ठेवायची नाहीत, ओला कचरा घरात मुक्कामाला नाही आणि मोरी कोरडी. या तीन केल्या तर झुरळं, उंदीर आणि घसरून पडणं, तिन्ही टळतात. बाकी धूळ थांबते आपल्यासाठी.

ॲप का नाही?

मला हा प्रश्न येणारच. सॉफ्टवेअरवाली आहेस, ॲप का नाही बनवलंस? कारण ॲपमध्ये कामं भरायची, टिक करायची आणि लोकांना "टिक कर रे" म्हणायचं, हे पुन्हा एकाच माणसाचं काम होतं. आजी ॲप उघडणार नाही, मावशींच्या फोनमध्ये जागा नाही. आमच्याकडे फ्रिजवर कागद आहे आणि दोरीला बांधलेलं पेन. फिरणारा रोबो व्हॅक्यूम दादाला घ्यायचा होता. आमच्या प्रत्येक खोलीला उंबरठा आहे, बिचारा एकाच खोलीत गोल फिरत बसला असता. तुमच्याकडे सपाट फ्लॅट असेल तर जरूर घ्या. फक्त त्याचा डबा कोण रिकामा करणार ते घ्यायच्या आधी ठरवा.

मावशींबद्दल

रूटीनच्या सगळ्या गप्पांमध्ये एक माणूस वगळलं जातं, जे खरं तर रोज केर काढतं. मावशींना घरात "हात" म्हणून धरतात. त्या आल्या नाहीत की रूटीन कोसळलं म्हणून चिडचिड होते. पण सुट्टी हा त्यांचा हक्क आहे, आणि ज्या घराचं रूटीन एका बाईने एकही सुट्टी न घेण्यावर उभं आहे, तिथेही बस फॅक्टर एकच आहे.

पुण्यात १९८० मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. कायदा आहे, तरी तुमच्या-माझ्या घरात पगारी सुट्टी किती, हे आजही दारात उभं राहून तोंडीच ठरतं. आम्ही ते कागदावर आणलं. आठवड्याची एक सुट्टी, सणाच्या सुट्ट्या आणि आजारपण, सगळं पगारी, त्याच फ्रिजवरच्या कागदावर. त्या दिवशीचा केर कोणाचा, हेही तिथेच. आणि पिंप, जळमटं, पंखे ही त्यांची कामं नाहीत, हेही. "आल्याच आहात तर तेवढं जरा" हे बंद. ज्या दिवशी खरंच हवं असेल त्या दिवशी विचारायचं आणि वेगळे पैसे द्यायचे.

आईला काय वाटलं?

हे सांगितलं नाही तर गोष्ट फार गोड होईल. आईला आवडलं नाही. खातेवाटपाच्या दिवशी ती म्हणाली, "मी मेले नाहीये अजून." तिला वाटलं आपली खुर्ची काढून घेतायत. तीस वर्षं घर तिच्या डोळ्यांवर चाललं होतं आणि आता बाबा काथ्या घेऊन पिंपाशी बसले होते. व्हरांड्यातून जाणारे बघत होते. आजी म्हणाली, "शोभतं का हे?"

शोभतं का? आपल्याकडे ही मजा आहे. गाडगेबाबा गावोगाव हातात खराटा घेऊन फिरले, दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. राज्याने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं ते त्यांच्या नावाने. ज्यांच्या नावाचा रस्ता दादरवरून लोअर परळकडे जातो, त्या सेनापती बापटांनी पारनेरमध्ये गल्ल्या झाडल्या. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळद-कुंकू वाहतो. म्हणजे झाडणाऱ्या पुरुषाला आपण संत म्हणतो, झाडूला देवी म्हणतो. पण घरातल्या पुरुषाने पिंप घासलं की शोभतं का विचारतो, आणि घरातल्या बाईने घासलं तर काहीच विचारत नाही.

आता आई चालते. काठी सुटली. तिने कपडे-अंथरूण खातं परत घेतलं आणि दादाच्या खात्यात अधूनमधून लुडबुड करते, त्यावरून वाजतंही. पण परवा ती तिच्या बहिणीकडे चार दिवस राहून आली. याआधी ती कुठे गेली तर दिवसातून तीन फोन यायचे, गॅस बंद केला का, पिंप झाकलं का. यावेळी दुसऱ्या दिवशी एकच फोन आला. मी विचारलं, काय गं, काही राहिलं का? म्हणाली, "नाही गं, सहज केला."

तर या आठवड्यात एवढंच करा. घरात ज्याच्या डोक्यात यादी आहे, त्याच्याजवळ वही घेऊन बसा आणि लिहून काढा. मध्ये बोलू नका, "हे तर मी करतोच" असं म्हणू नका, नुसतं लिहा. मग त्यातलं एक खातं उचला. एक काम नव्हे, अख्खं खातं, सामानासकट. आणि तुमच्या यादीत किती कामं निघाली, त्यातली किती एकाच माणसाला माहीत होती, ते दोन आकडे मला कळवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. तोपर्यंत, भांडी झाली असतील तर सिंकची जाळीही साफ करून घ्या. काळजी घ्या.